बारच्या निवडणुकीला माणसं उभी कशी राहतील?

उलटतपास

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. वाटपाचे आणि मनाई हुकुमाचे दावे, पोटगीचे अर्ज, कधी एखादं अपील घेऊन जिल्ह्याला. यंदा आमच्या वकील संघाच्या, म्हणजे बारच्या, निवडणुकीसाठी तिघांची निवडणूक समिती नेमली, त्यात मी आहे. अर्ज मागवायला अजून दोनेक महिने आहेत, म्हणून आत्ताच विचारते.

आमच्याकडे सदस्य दीडशेच्या घरात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, ग्रंथालय प्रमुख, महिला प्रतिनिधी आणि सात कार्यकारिणी सदस्य अशी पदं. माझ्या आठवणीत बहुतेक वर्षी मतपेटी बाहेर निघालेलीच नाही. अर्ज भरायच्या आदल्या संध्याकाळी पाचसहा ज्येष्ठ मंडळी कुणाच्या तरी ऑफिसात बसतात, नावं ठरतात आणि दुसऱ्या दिवशी जितकी पदं तितकेच अर्ज येतात. 'खेळीमेळीच्या वातावरणात बिनविरोध' अशी बातमी छापून येते. चुरस झालीच तर अध्यक्षपदापुरती, आणि तेव्हाही निम्मे लोक मतदानाला फिरकत नाहीत.

ही ज्येष्ठ मंडळी वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलटतपास कसा घ्यायचा ते मी त्यांच्यातल्याच एकांकडून शिकले. कोर्टाची नवी इमारत व्हावी, वरिष्ठ स्तर न्यायालय तालुक्याला यावं, म्हणून मुंबईला खेटे त्यांनीच घातले. पण जो त्या खोलीत नसतो त्याचं काम राहून जातं, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. नव्या इमारतीत बसायच्या जागा वाटल्या तेव्हा यादी कार्यकारिणीने केली. कार्यकारिणीतल्यांच्या आणि त्यांच्या ज्युनिअरांच्या टेबलांना बाररूममध्ये जागा मिळाली. तहसील आणि प्रांत कचेरीत दिवस काढणाऱ्या, महसुली कामं करणाऱ्या वकिलांची टेबलं जिन्याखाली गेली. महिला वकिलांच्या स्वच्छतागृहाचा विषय दर सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर असतो आणि दर वेळी शेवटी असतो, मग वेळ संपते. ई-फायलिंगसाठी चांगला स्कॅनर घ्यायचा की नाही हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी कुणी स्वतः फायलिंग करत नाही. ते काम ज्युनिअर करतात, रात्री उशिरापर्यंत करतात, आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

कामकाजापासून अलिप्त राहण्याच्या ठरावांचंही तेच. हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही. तरी ठराव होतात. त्या दिवशी ज्या नव्या वकिलाचा साक्षीदार रजा टाकून परगावाहून आलेला असतो, त्याला पक्षकारापुढे मान खाली घालून उभं राहावं लागतं. ठराव करणाऱ्यांत तो नसतो.

गेल्या काही आठवड्यांत मी एकेकाशी बोलले. पाचसात वर्षं वकिली झालेला एक हुशार मुलगा म्हणाला, "मॅडम, मी अर्ज भरला तर सरांच्या विरोधात गेल्यासारखं दिसेल. माझी निम्मी कामं त्यांच्या ऑफिसातून येतात." माझ्याच वयाची एक मैत्रीण म्हणाली, "महिला प्रतिनिधी करणार असाल तर करा, बाकीचं नको." का नको, तर सभा संध्याकाळी सहानंतर, कधी कधी हायवेवरच्या हॉटेलात, आणि तिची शेवटची एसटी साडेसहाची. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त करणारे एक वकील आहेत, वीस वर्षांहून जास्त काळ सदस्य आहेत, वर्गणी वेळेवर भरतात. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आजवर मला कुणी उभं राहा म्हणालं का?"

या तिसऱ्या उत्तराने माझी झोप उडवली आहे. "मतदान करा" असं व्हॉट्सॲपवर टाकून काही होणार नाही हे मला कळतंय. मत द्यायला समोर दोन नावं तरी हवीत, आणि ती नावं पुढे येण्याआधीच वाट बंद होते. ज्यांच्या बारमध्ये हे चित्र बदललं आहे त्यांनी काय केलं, ते मला सविस्तर सांगा. इतर व्यवसायातल्या संघटनांचा अनुभव असेल तर तोही.

जुनं_वकीलपत्र

मॅडम, तुमची कळकळ पोचली. मी मराठवाड्यातला, तीस वर्षांवर वकिली, दोन वेळा अध्यक्ष होतो, दोन्ही वेळा बिनविरोध. म्हणून आमच्या बाजूचं थोडं ऐका. तालुक्याचा बार लहान असतो. निवडणुकीत दोन गट पडले की ते निकालानंतर मिटत नाहीत. समोरचा वकील आजारी असला तरी तारखेला हरकत घेतली जाते, तडजोडीची बोलणी थांबतात, आणि त्याचा त्रास पक्षकाराला. हे मी पाहिलं आहे. बिनविरोधची प्रथा या भीतीतून आली, सत्ता हातात ठेवायची म्हणून नाही. निदान सगळीकडे तरी नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पहिली गोष्ट मतदार यादी. ती स्वच्छ नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. अनेक बारमध्ये वर्षभर वर्गणी थकलेली असते आणि निवडणूक लागली की कुणी तरी उमेदवार चाळीसपन्नास जणांची थकबाकी एकरकमी भरतो. ती मतं कुणाची, हे सांगायला नको. ज्याने प्रामाणिकपणे वर्गणी भरली त्याला वाटतं, आपल्या एका मताने काय होणार. मग तो येत नाही. तुम्ही निवडणूक जाहीर करायच्या आधी थकबाकी भरायची शेवटची तारीख ठेवा, आणि ज्याची वर्गणी त्याच्याच खात्यातून आली पाहिजे असा नियम करा.

दुसरं, एकाच माणसाची दोन बारमध्ये मतं. जिल्ह्यालाही सदस्य, तालुक्यालाही सदस्य. सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन विरुद्ध बी. डी. कौशिक या २०११ च्या निकालात 'एक बार, एक मत' हे तत्त्व मान्य झालं आहे. प्रत्येकाकडून साधं प्रतिज्ञापत्र घ्या की या वर्षी मी दुसऱ्या बारमध्ये मतदान केलेलं नाही आणि करणार नाही. यादी आकसेल, पण जी राहील ती रोज कोर्टात दिसणाऱ्या माणसांची राहील. आपल्या बारची यादी आपलीच आहे असं वाटलं की लोक मतदानाला येतात.

उलटतपास

सर, मनापासून आभार. यादीचं तुमचं म्हणणं जसंच्या तसं समितीपुढे ठेवते.

बिनविरोधबद्दल मात्र मला वेगळं वाटतं, ते आदराने मांडते. कटुता चुरशीमुळे येते हे खरं, पण आमच्याकडे चुरस नसतानाही कटुता आहे, फक्त ती बोलली जात नाही. जिन्याखाली बसणारे वकील बाररूममध्ये चहालाही येईनासे झाले आहेत. सभेला बावीस पंचवीस डोकी असतात. भांडण नाही म्हणून समेट आहे असं मला म्हणवत नाही. दिवाणी दावा आपण चालवतो तेव्हा दुसऱ्या बाजूला कैफियत द्यायची संधी मिळते, मग निकाल लागतो, आणि हरलेला माणूसही निकाल मानतो कारण त्याचं ऐकलं गेलं होतं. आपल्याच संघात ती संधी का नको?

जमाखर्च

मी वकील नाही, सीए आहे, नाशिकला. तरी लिहितो कारण आमच्याकडे निवडणुकीची पद्धत कायद्यानेच घालून दिलेली आहे आणि त्यातल्या काही गोष्टी तुम्हाला उचलता येतील.

आमची सीएंची संस्था १९४९ च्या कायद्याखाली चालते. मध्यवर्ती परिषदेवर जास्तीत जास्त ३२ सदस्य निवडून येतात आणि ८ पर्यंत केंद्र सरकार नेमतं. देशाचे पाच विभाग आहेत, आपण पश्चिम विभागात, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा एकत्र. एवढ्या मोठ्या मतदारसंघात साताऱ्याचा माणूस मुंबईच्या माणसासमोर काय टिकणार, असं वाटेल. पण मतदान पसंतीक्रमाचं असतं, एकल संक्रमणीय मत. प्रत्येक मतदार १, २, ३ असे आकडे लिहितो. त्यामुळे ठरावीक कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, गाठला की लहान गटाचाही माणूस येतो.

दुसरी गोष्ट, उमेदवारांची माहिती संस्था स्वतः सर्व मतदारांना पोचवते. शिक्षण, अनुभव, कुठे काम केलं, सगळं एकाच नमुन्यात. ज्याच्याकडे प्रचाराला पैसे आहेत आणि ज्याच्याकडे नाहीत, दोघांची ओळख मतदाराच्या हातात सारखीच पडते. तालुक्याला तुम्हाला याला खर्च काहीच नाही. प्रत्येक उमेदवाराने एक पान लिहायचं: मी काय काम केलं, निवडून आलो तर एका वर्षात कोणत्या दोन गोष्टी करीन. समितीने ती पानं एकत्र करून सगळ्यांना पाठवायची आणि बाररूमच्या भिंतीवर लावायची.

तिसरं, सलग किती वेळा निवडून येता येईल यावर आमच्या कायद्यातच मर्यादा आहे. तीच माणसं तीच पदं, हे त्याने आपोआप थांबतं आणि मागच्यांना जागा मिळते. तुमच्या घटनेत असं कलम आहे का?

उलटतपास

आमच्या घटनेत तसं काही नाही. सलग एकाच पदावर दोन मुदती, त्यापुढे एक मुदत थांबायचं, असा ठराव मांडायचा विचार आहे. पण घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यायची तर ती या निवडणुकीला लागू होईल असं दिसत नाही. पुढच्यासाठी मांडून ठेवीन.

पसंतीक्रमाचं मतदान मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण सगळे वकील ते आधीच करतो! अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३ प्रमाणे राज्य बार कौन्सिलचे सदस्य याच पद्धतीने निवडले जातात. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलवर २५ जण निवडून द्यायचे असतात आणि आपण मतपत्रिकेवर १, २, ३ लिहून येतो. २०१८ च्या निवडणुकीत आमच्या बाररूममध्ये सगळ्यांनी तसंच लिहिलं. पण गावातल्या कार्यकारिणीला मात्र सात जागांसाठी सात फुल्या. त्यामुळे एका गटाकडे निम्म्याहून एक मत जास्त असलं की सातही जागा त्याच गटाच्या.

तुम्ही हिशेबातले आहात, तर आमच्या आकड्यांवर एकदा मांडून दाखवाल का? समजा १२० वैध मतं, ७ जागा.

जमाखर्च

नक्की. १२० ला ८ ने भागा, म्हणजे जागा अधिक एक. आले १५. त्यात एक मिळवा, १६. हा तुमचा कोटा. ज्याला पहिल्या पसंतीची १६ मतं पडली तो निवडून आला.

समजा एका ज्येष्ठ वकिलांना पहिल्या पसंतीची २२ मतं पडली. त्यांना लागत होती १६. उरलेल्या ६ मतांचं मोल वाया जात नाही. त्या २२ मतपत्रिकांवर दुसरी पसंती कुणाला आहे ते बघून ते ६ मतांचं मोल त्या प्रमाणात वाटलं जातं. कुणीच कोटा गाठत नसेल तर सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. सात जागा भरेपर्यंत हेच.

आता तुमच्या जिन्याखालच्या वकिलांचं बघा. सात फुल्यांच्या पद्धतीत ६१ जण एकत्र असले तर सातही जागा त्यांच्या, उरलेल्या ५९ जणांना शून्य. पसंतीक्रमात १६ जणांनी ठरवलं तर त्यांचा एक माणूस नक्की कार्यकारिणीत बसतो, बाकीचे १०४ काहीही करोत. तुमच्याकडे महसुली कामं करणारे सोळा तरी असतील ना?

एक काळजी घ्या. पहिली पसंती लिहिलीच नाही तर मत बाद होतं, आणि काही लोक सवयीने फुल्या मारतात. मतपत्रिकेवर ठळक छापा, आणि आदल्या आठवड्यात एकदा नमुना मतपत्रिकेवर सराव घ्या.

नवी_सनद

मी ज्युनिअर आहे, चार वर्षं झाली सनद मिळून. वरती ताईंनी लिहिलेला तो मुलगा मीच असू शकलो असतो, म्हणून लिहितो.

आम्ही उभं राहत नाही त्याचं एक कारण अर्जावरच्या सह्या. सूचक आणि अनुमोदक लागतात. सूचक शोधायला गेलो की दुपारपर्यंत सगळ्या कोर्टाला कळतं, आणि संध्याकाळी सर विचारतात, "काय रे, ऐकतोय ते खरं का?" तिथेच संपतं सगळं. दुसरं, मतमोजणी. आमच्या बारला ऐंशी मतं पडतात. कुणाला किती पडली यावरून कुणी कुणाला दिलं याचे अंदाज बांधले जातात आणि ते बरेचदा बरोबर निघतात. मत गुप्त आहे यावर आमचा विश्वास नाही.

समितीनेच इच्छुकांची नावं आधी गुपचूप घेतली, आणि सूचक अनुमोदकांची अट काढून टाकली किंवा समितीनेच कुणाला तरी सुचवायला सांगितलं, तर खूप जण पुढे येतील. आणि अनामत रक्कम कमी ठेवा. पहिली काही वर्षं आमच्या हातात काय पडतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मधली_सुट्टी

मी विदर्भातली, जिल्हा बारची माजी सहसचिव. ताई, तुमची मैत्रीण म्हणाली ना, "महिला प्रतिनिधी करणार असाल तर करा", त्यावर मला बोलायचं आहे. ते एक पद ठेवलं आणि सगळ्यांना वाटलं, बायकांचं झालं. वर्षानुवर्षं आमच्याकडेही महिला वकील त्याच एका खुर्चीवर. खजिनदार कधी नाही, सचिव कधी नाही. पैशाचा आणि पत्रव्यवहाराचा ताबा ज्या पदांकडे असतो, तिथे बाई बसल्याशिवाय स्वच्छतागृहाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वर सरकत नाही. आमच्याकडे तो सरकला तो महिला खजिनदार झाल्यावर. तिने पहिल्याच महिन्यात खर्चाचा अंदाज मांडला आणि मंजूर करून घेतला.

आधार हवा असेल तर तो आता भरपूर आहे. २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा म्हणाले होते की देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत स्त्रिया १५ टक्के, आणि राज्य बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांत जेमतेम २ टक्के. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या बार असोसिएशनला कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवायला सांगितलं, आणि त्या वर्षी खजिनदाराचं पद राखीव केलं. बघा, नेमकं खजिनदाराचं! डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलांसाठीही ३० टक्क्यांचा आदेश आला. तुमचा तालुका बार यात थेट येत नसेल, पण सभेत हे वाचून दाखवा, कुणी विरोधाला उभं राहत नाही. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचं दार उघडलं, त्याच्या आधी नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना ऑक्सफर्डला कायदा शिकूनही कितीतरी वर्षं सनद मिळाली नव्हती. शंभर वर्षं झाली त्याला. आपण अजून एका खुर्चीवर समाधान मानायचं का?

आता काय केलं ते सांगते. सभा मधल्या सुट्टीत घ्यायला लागलो, दुपारी, कोर्टातच, अर्धा तास, विषय आधी लिहून. हॉटेलातली सभा बंद. एवढ्या एकाच गोष्टीने सभेत बायका दिसायला लागल्या, आणि लांबून येणारे पुरुषही. मतदान सकाळपासून कोर्ट सुटेपर्यंत ठेवलं, कारण ज्याची केस बोर्डावर शेवटी असते तो चारला मोकळा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही दोघी तिघी प्रत्येकीकडे जाऊन बोललो. "कुणी इच्छुक असेल तर सांगा" असं नाही. "तुम्ही ग्रंथालयाचं काम चांगलं करू शकाल, कारण गेल्या वर्षी तुम्ही ऑनलाइन जर्नलची वर्गणी कमी करून आणली होती", असं. ज्याला जे येतं ते नाव घेऊन सांगितलं. अशा प्रकारे विचारल्यावर नाही म्हणणारे फार थोडे निघतात.

निवडणुकीआधी कामं वाटा, हेही सांगीन. ई-फायलिंग, ग्रंथालय, नव्या वकिलांचं मार्गदर्शन, वकील कल्याण निधीच्या वेल्फेअर तिकिटांची विक्री, अशा छोट्या समित्या करा आणि त्यात कार्यकारिणीबाहेरचे लोक घ्या. सहा महिने एखाद्याने काम केलेलं लोकांनी पाहिलं की त्याच्या उमेदवारीकडे कुणाच्या विरोधातली म्हणून बघत नाहीत.

जुनं_वकीलपत्र

या शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि उलटतपास मॅडम, एक विनंती, ज्येष्ठांना वगळून काही करू नका. त्यांच्याकडे आधी जा. पाचातला एक जरी म्हणाला की यंदा मी माझ्या ज्युनिअरला स्वतः उभं करतो, तर 'सरांच्या विरोधात' ही भीती राहणार नाही. मी आज असतो तर असंच केलं असतं.

उलटतपास

सगळ्यांचे आभार. समितीच्या बाकीच्या दोघांशी बोलले, आणि सरांच्या सांगण्याप्रमाणे ज्येष्ठांपैकी दोघांकडे घरी जाऊन आले. ज्यांच्याकडून मी उलटतपास शिकले ते सर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आमच्या वेळी आम्हाला पण कुणी तरी बोलावलंच होतं." त्यांनी त्यांच्या ऑफिसातल्या दोघांना अर्ज भरायची मोकळीक दिली आहे, तेही सहसचिव आणि ग्रंथालयाच्या पदांसाठी, म्हणजे एकमेकांसमोर नाहीत. दुसरे सर तयार नाहीत. निवडणुकीने गाव तुटतं असं त्यांना मनापासून वाटतं, आणि मी त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे.

आमची ठरलेली पावलं अशी. थकबाकीची शेवटची तारीख निवडणूक जाहीर होण्याच्या आधीची, वर्गणी स्वतःच्या खात्यातून, आणि 'एक बार, एक मत' चं प्रतिज्ञापत्र. मग पंधरा दिवस इच्छुकांची नावं समितीकडे बंद पाकिटात. घटनेत सूचक अनुमोदक लागतात, ती अट आम्हाला काढता येत नाही, पण समितीबाहेरच्या चार सदस्यांनी कुणाही इच्छुकासाठी सूचक व्हायची तयारी लेखी दिली आहे. नवी_सनद, हे तुमच्यामुळे सुचलं. अनामत नाममात्र. प्रत्येक उमेदवाराचं एक पान, सारख्या नमुन्यात. मतपत्रिका घडी घालून एकाच पेटीत, आणि मोजणीआधी सगळ्या एकत्र मिसळायच्या. मतदान सकाळी साडेदहा ते साडेपाच.

पसंतीक्रमाबद्दल आम्ही घटना नीट वाचली. पदाधिकाऱ्यांची निवड 'बहुमताने' असं लिहिलं आहे, पण कार्यकारिणी सदस्यांसाठी फक्त 'गुप्त मतदानाने', पद्धत सांगितलेली नाही. म्हणून या सात जागांपुरता पसंतीक्रम आणायचा ठराव मधल्या सुट्टीतल्या विशेष सभेत मांडतो आहोत. नामंजूर झाला तर सात फुल्या, पण तेव्हाही समोर सातापेक्षा जास्त नावं असतील याची काळजी मी घेतेच आहे. मधली_सुट्टी ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे माझ्या मैत्रिणीला मी खजिनदारपदासाठी विचारलं, तिने घरचे दागिने गहाण पडलेल्या एका पक्षकाराचा सहा वर्षांचा हिशेब कोर्टात कसा उभा केला होता ते सांगून. सभा दुपारी होणार असतील तर भरते, असं म्हणाली. दस्त करणाऱ्या त्या वकिलांचं नाव कार्यकारिणीसाठी आलं आहे, आणि त्यांच्याबरोबर महसुली बाजूच्या आणखी एकाचं.

जमाखर्च, एक काम आहे. मोजणीचा तक्ता कसा आखायचा, जादा मतं पुढे नेताना अपूर्णांक किती स्थळांपर्यंत धरायचा, आणि दोघांची मतं सारखी झाली तर कुणाला बाद करायचं, हे लिहून पाठवाल का? ठरावासोबत तेही सभेपुढे ठेवायचं आहे, म्हणजे निकालानंतर त्यावरून वाद नको. विशेष सभा येत्या शुक्रवारी आहे.